भिंतीवरचा समुद्र

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरासाठी आम्ही शिंदखेडा तालुक्यातील एका लहानशा गावी सात दिवस मुक्कामाला होतो. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक आणि रात्री करमणुकीचा कार्यक्रम, असा नेहमीचा शिरस्ता. श्रमदानात मुलांच्या वाट्याला वनराई बंधाऱ्यासाठी रेतीची पोती भरणे आले आणि आम्हा सहाजणींच्या वाट्याला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील तिसरीचा वर्ग रंगविण्याचे काम. काम हलके मिळाले म्हणून आम्ही मनातल्या मनात खूश होतो, हे कबूल करते.

वर्ग कसा रंगवायचा हे मुख्याध्यापकांनी अगोदरच ठरवून ठेवले होते. कुठल्याशा शाळेतील वर्गाचे चित्र त्यांच्या मोबाइलवर आले होते. चारही भिंतींवर समुद्रकिनारा. खाली पिवळीधमक वाळू, वर निळेशार पाणी, वाळूवर वाकलेली नारळाची दोन झाडे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोठी छत्री, छत्रीखाली आरामखुर्ची, पाण्यात शिडाची होडी, आणि फळ्याच्या वर हसणारा सूर्य. छताला कागदी मासे टांगायचे, दारावर कागदी झावळ्या लावायच्या, आणि फळ्याशेजारी इंग्रजीत 'वेलकम टू द बीच' असे लिहायचे. गावच्या लोकवर्गणीतून ऑइलपेंटचे डबे आणलेले होते. त्यांत निळ्या रंगाचे डबे सर्वांत जास्त, आणि हिरवा अगदीच थोडा.

तीन दिवस आम्ही मान मोडून समुद्र रंगवीत होतो. मधल्या सुट्टीत मुले दाराशी गर्दी करीत. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक दोन वेण्यांची मुलगी आत आली, बराच वेळ भिंतीकडे पाहत उभी राहिली आणि मला म्हणाली, “ताई, इतलं पानी शे, तं मंग उन्हायामा टँकर काबर येस?”

एवढे पाणी आहे, तर उन्हाळ्यात टँकर का येतो? आम्ही सगळ्याजणी खळखळून हसलो. मग हसू ओसरले आणि लक्षात आले की, सहा पदवीधर होऊ घातलेल्या मुलींपैकी एकीलाही त्या पोरीला धड उत्तर देता आले नव्हते. मी काहीतरी “हे पाणी खारट असतं गं” असे पुटपुटले. ती म्हणाली, “मंग काढं कसाले?” म्हणजे, मग हे चित्र काढले कशाला?

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहिते आहे.

मुख्याध्यापकांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले आहे आणि ते साधे नाही. ते म्हणाले, “बाई, पट टिकवायचा आहे. रोज सकाळी पिवळी बस येते आणि माझ्या शाळेसमोरून माझीच मुले इंग्रजी शाळेत घेऊन जाते. पालक शाळेत आले तर आधी काय पाहतात? भिंती पाहतात.” त्यांचे हे शब्द मला खोटे वाटले नाहीत. ‘बोलक्या भिंती’ हा शब्द आपल्याकडील गुरुजींच्या तोंडी कित्येक वर्षे आहेच. २०२४ मध्ये तर राज्य शासनाने ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही स्पर्धाच घेतली आणि शाळा व परिसराच्या सजावटीला गुण ठेवले. स्पर्धा आली की रंग आला, रंग आला की रंगारी आला, आणि रंगाऱ्याच्या वहीत जी चार चित्रे असतात ती गावोगाव उमटली. कुठे शाळेच्या व्हरांड्याला रेल्वेचा डबा केला आहे, कुठे जंगल, कुठे समुद्र. रेल्वेच्या डब्याला मी हसत नाही. त्यात बसून मुले खरोखर मुंबईला जातात. पण समुद्राचे काय?

हा जो समुद्र आम्ही रंगविला तो कुठला, याचा मी शोध घेतला. तो कोकणचा नाही. कोकणात किनाऱ्याला काळे कातळ असतात, खाडीत खारफुटीचा चिखल असतो, वाळूवर जाळी वाळत घातलेली असतात आणि उघड्यावर बोंबील सुकत असतात. आमच्या भिंतीवर यातले काहीही नव्हते. छत्री आणि आरामखुर्ची मात्र होती. अमेरिकेत प्राथमिक शाळेच्या शिक्षिका दरवर्षी वर्गाला एखादी कल्पना घेऊन नटवितात, त्यात उष्ण प्रदेशातील समुद्रकिनारा ही फार आवडती कल्पना आहे. कागदी माड, प्लास्टिकची फुले, लाटांवर घसरण्याच्या फळ्या, हे सारे तेथे दुकानात तयार मिळते. तेथून ती चित्रे मोबाइलवर आली आणि मोबाइलमधून आमच्या ब्रशात उतरली.

त्या बायांना मी दोष देत नाही. ज्यांच्याकडे चार-चार महिने बर्फ पडतो, घराबाहेर पडायचे तर अंगावर पाच कपडे चढवावे लागतात, त्यांना ऊन म्हणजे सुट्टी. त्यांच्या भिंतीवर हसरा सूर्य शोभतो. आमच्याकडे त्याच सूर्याने मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास नेलेला असतो. भुसावळ, जळगावचे नाव उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येते ते ह्याच कारणाने. उन्हाळ्यात शाळा सकाळची करावी लागते, पत्र्याच्या वर्गात अकरानंतर बसवत नाही, आणि त्याच वर्गात फळ्यावर आम्ही गाल फुगवून हसणारा सूर्य काढला! उष्ण प्रदेश बघायला आमच्या मुलांना भिंतीकडे पाहायची काय गरज? दाराबाहेर पाऊल टाकले की झाले. खानदेशात राहणाऱ्याला चित्र काढून दाखवायचेच असेल तर सावलीचे दाखवावे.

आता येथे कोणी म्हणेल, बरोबर आहे, परक्याचे कशाला, आपले तेच काढा. तापी काढा, केळीचे बाग काढा, कापसाची वेचणी काढा, सातपुडा काढा, एका कोपऱ्यात बहिणाबाई चौधरींचे चित्र काढा. शिबिराच्या चौथ्या रात्री आमच्यात हीच चर्चा झाली आणि बहुतेकांचे मत असेच पडले. टाळ्याही पडल्या. मी त्या वेळी गप्प बसले, कारण मला ते पटत नव्हते आणि का पटत नाही तेही सांगता येत नव्हते. आज सांगते.

मी चोपडा तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. वडील केळी कापणीच्या टोळीत जातात. पहाटे शेतात, आणि ट्रक भरून निघेपर्यंत घडांची वाहतूक खांद्यावर. केळीचा चीक त्यांच्या सदऱ्यांना लागून काळे डाग पडलेले असतात आणि ते कोणत्याही साबणाने जात नाहीत. केळीचे बाग मी जन्मल्यापासून पाहते आहे. उत्तरेला सातपुडा रोज दिसे. आमच्या घराच्या भिंतीवर एकच चित्र होते, खताच्या दुकानाच्या कॅलेंडरवरचे, आणि त्यातही पीकच होते. अशा घरातल्या पोरीला शाळेने पुन्हा केळीच दाखवायची का? ज्यांना सुट्टीत बापाबरोबर गाडीने हिंडायला मिळते त्यांनी ‘स्थानिक’ शब्दाचे कौतुक खुशाल करावे. ज्याला गावाची वेस ओलांडायला लग्न किंवा दवाखाना यांखेरीज कारण नसते, त्याला शाळेने दूरचेच दाखविले पाहिजे. मुख्याध्यापक मला म्हणाले होते, “तापी त्यांना कोणीही दाखवील. समुद्र कोण दाखवणार?” त्यांच्या ह्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. उलट, ते वाक्य माझेच आहे असे मला वाटते.

मला माझा पहिला समुद्र भिंतीवर भेटला नाही. चौथीत असताना आमच्या बाई शनिवारी शेवटच्या तासाला ‘श्यामची आई’ वाचून दाखवीत. साने गुरुजी मूळचे कोकणातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९२४ ते १९३० पर्यंत आपल्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेव्हा कोकणातला एक माणूस खानदेशातल्या मुलांसमोर उभा राहून शिकवीत होता आणि आपण इकडे समुद्र आणायला अमेरिकेला गेलो, याची मला गंमत वाटते. असो. बाईंनी वाचलेले ऐकून मी घरी आईला विचारले, समुद्र कसा असतो? आईने समुद्र पाहिलेला नाही. ती म्हणाली, “तापीला पूर आल्यावर दिसतं ना, तसा. पण तो ओसरत नाही.” तेवढ्यावर माझे कित्येक वर्षे भागले. अजूनही समुद्र म्हटला की मला निळे पाणी दिसत नाही. गढूळ, काठ सोडून पसरलेले आणि न ओसरणारे पाणी दिसते. पुढे कळले की तापी जेथे समुद्राला मिळते तेथे तो साधारण असाच दिसतो.

आईने केले ते आम्हा सहाजणींना तीन दिवसांत जमले नाही. तिने दूरची गोष्ट दाखविली, पण दारातून जाणाऱ्या वाटेने नेऊन दाखविली. आम्ही दूरची गोष्ट आणून भिंतीवर डकविली आणि वाट ठेवलीच नाही. म्हणूनच त्या पोरीने विचारले की, हे काढले कशाला.

खरे तर समुद्र खानदेशापासून तुटलेला नाहीच. त्या गावातला नाला बुराईला मिळतो, बुराई तापीला. धुळे शहरातून जाणारी पांझरा मुडावदला कपिलेश्वराच्या देवळापाशी तापीलाच जाते. गिरणा, बोरी, अनेर, वाघूर, सगळ्यांचा माहेरचा रस्ता वेगळा, सासर एक. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताईला निघालेली तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. आमच्या शालेय पुस्तकात महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी ७२० किलोमीटर दिलेली होती. म्हणजे आपल्याजवळ किनारा नाही म्हणून रडावे असे काही नाही. जवळजवळ तेवढ्याच लांबीची नदी आपल्या अंगणातून समुद्राकडे जाते आहे. त्या गावातल्या मुलाने पावसाळ्यात नाल्यात सोडलेली कागदाची होडी निदान नकाशावर तरी थेट खंबातच्या आखातात पोहोचते. मध्ये उकाईचे धरण आडवे आहे, ते सोडा.

आणि माणसे? माणसे तर पाण्याच्या आधीच पोहोचली आहेत. सुरतेला उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत खानदेशातून गेलेली किती कुटुंबे आहेत हे धुळे-जळगावच्या वाचकाला मी सांगायला नको. प्रत्येकाचा एखादा काका, मामा, मेहुणा तेथे लूमवर किंवा मिलमध्ये कामाला आहेच. आमच्या शिबिराच्या पाचव्या दिवशी चौथीतला एक मुलगा आमची वाळू पाहून म्हणाला, “मना मामा सुरतले ऱ्हास. तो सांगस, तठे रेती काई शे.” आम्ही म्हटले, वाळू पिवळीच असते. मुलगा गप्प झाला. ताया चुकत नसतात ना! रात्री शिबिरात परतल्यावर एका मैत्रिणीने मोबाइलवर पाहिले. सुरतेजवळचा डुमसचा किनारा काळ्या वाळूसाठीच प्रसिद्ध आहे. मुलगा बरोबर होता, आमची भिंत चुकली होती. मामाच्या तोंडून आलेले खरे ज्ञान आम्ही पिवळ्या ऑइलपेंटने पुसून टाकले, आणि ह्याला म्हणे बोलकी भिंत. भिंत बोलली खरी, पण मुलाला बोलू दिले नाही.

समुद्र आणखी कितीतरी वाटांनी आपल्याकडे येतो. तो प्रत्येकीच्या चुलीजवळ मिठाच्या बरणीत आहे. आठवड्याच्या बाजारात बोंबील आणि सुकट घेऊन बसलेल्या बाईच्या टोपलीत आहे. आणि टँकरच्या प्रश्नाचे उत्तर तर समुद्रातच आहे. उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते, ढग पश्चिमेकडून येतात, सह्याद्रीला अडतात, कोकणात आणि घाटमाथ्यावर रिते होतात, आणि त्यापलीकडे असलेल्या आपल्या साक्री-शिंदखेड्याच्या वाट्याला उरलेसुरले येते. पर्जन्यछाया हा शब्द मी भूगोलात पाठ केला होता, दोन गुणांसाठी. तो शब्द त्या मुलीच्या हंड्याशी बांधलेला आहे हे मला त्या वर्गात उभे राहून कळले. आम्ही चार भिंती रंगविल्या, त्यांत एक ढग होता. पांढरा, कापसासारखा, आणि कुठेही न जाणारा. त्याच ढगाला समुद्रावरून उचलून डोंगरावर आदळविले असते आणि डोंगराच्या अलीकडे त्यांचे गाव काढले असते, तर तिला उत्तर मिळाले असते. रंग तेवढाच लागला असता.

समुद्रापासून दूर, भिंतीवर समुद्र काढण्याचे काम आपल्या मुलखात पूर्वी झालेले आहे, आणि ते कसे करावे हे पाहायचे तर जळगावहून अजिंठ्याची एस.टी. धरावी. शिबिरानंतर महिनाभराने आमची सहल तेथे गेली. यापूर्वी मी लेणी एकदा पाहिली होती, पण भिंत रंगविल्यावर दुसऱ्याची भिंत पाहण्याची नजर बदलते. सतराव्या लेण्यात सिंहल व्यापाऱ्याची कथा आहे. त्याचे जहाज फुटते, राक्षसिणींच्या बेटावर तो अडकतो, उडता पांढरा घोडा त्याला सोडवितो, आणि पुढे तो सैन्य घेऊन पुन्हा समुद्र ओलांडतो. जहाजांतून चक्क हत्ती चालले आहेत. दुसऱ्या लेण्यातही शिडांचे जहाज आहे, त्यात मोठमोठे रांजण भरून ठेवलेले. पाचव्या शतकातील हे काम. कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि गवताचे तंतू, वर चुन्याचा हात. लाल, पिवळा रंग दगडमातीचा, काळा काजळीचा, आणि निळा मात्र लाजवर्द दगडाचा, जो अफगाणिस्तानाकडून व्यापाराच्या वाटेने यायचा. निळा रंग त्यांनाही लांबून आणावा लागला होता, पण त्यांनी तो जपून वापरला आणि समुद्रात माणसे भरली. कोणी बुडतो आहे, कोणी हात जोडतो आहे, कोणी माल मोजतो आहे. आमच्या समुद्रात एक रिकामी आरामखुर्ची होती.

त्या लेण्यांच्या पायथ्याशी वाघूर वाहते. तीच पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते, धरणात अडून जळगाव शहराला पाणी पाजते आणि मग तापीला मिळून समुद्राकडे जाते. मला तर वाटते, सिंहलाच्या जहाजाखालचे पाणी तेच आहे.

बोर्डीचे उदाहरण यालाच जोडून देते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी म्हणजे थेट समुद्रकाठचे गाव, आज पालघर जिल्ह्यात आहे. तेथे समुद्र आयताच होता. तरी ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी भिंती निळ्या करण्यात पैसे घातले नाहीत. शिंपले, खडे, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांची साधने केली. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून कुरणातच शाळा नेली. बोर्डीला शिंपले पायाखाली होते म्हणून शाळेत आले. आपल्या पायाखाली काय आहे? सरकी, केळीचे सोपट, नदीतले गोटे, चिंचोके. त्यांनीच समुद्रही करता येतो. निळ्या रंगाऐवजी निळ्या लुगड्याचा फाटका पदर भिंतीला लावला तर तो हलतो तरी.

दुसरी एक गोष्ट मी नंतर वाचली आणि मला आमच्या उत्साहाची जरा लाजच वाटली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅना फिशर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातील २४ मुलांना काही पाठ चित्रांनी गच्च भरलेल्या खोलीत शिकविले आणि काही साध्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष जास्त वेळ भलतीकडे गेले, आणि पाठावरील प्रश्नांची बरोबर उत्तरे साध्या खोलीत शेकडा ५५ आली तर सजविलेल्या खोलीत ४२. मुले चोवीसच होती, परदेशातली होती, हे खरे. एवढ्यावरून सगळ्या शाळांच्या भिंती पांढऱ्या करा असे मी म्हणणार नाही. ज्या मुलाच्या घरी एकही चित्र नाही त्याची गोष्ट निराळी असेल. पण फळ्याच्या डोक्यावर हसरा सूर्य काढून आम्ही गुरुजींना एक प्रतिस्पर्धी उभा करून दिला, एवढे मला निश्चित वाटते. गुणाकार आणि सूर्य यांत आठ वर्षांचे पोर कोणाकडे पाहील?

दिल्लीचे वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांनी ‘बाला’ नावाची जी कल्पना मांडली, तिच्यात इमारतच शिकविण्याचे साधन व्हावी असा विचार आहे. दाराखालच्या फरशीवर कोन आखले की दार उघडता-मिटता कोन शिकता येतात, पायऱ्यांवर अंक घातले की चढताना मोजता येतात. तिचे नाव आपल्याकडेही शाळांत ऐकू येते, पण अंमल करताना पुष्कळदा दाराचा कोन मागे पडतो आणि रंग पुढे येतो. कारण उघड आहे. कोन फोटोत दिसत नाही.

शेवटी आम्ही काय केले ते सांगते. सहाव्या दिवशी सकाळी मी धीर करून मुख्याध्यापकांना म्हटले की सर, एक भिंत आम्हाला पुन्हा द्या. ते आधी नाराज झाले. वर्गणी दिलेली मंडळी दुसऱ्या दिवशी समारोपाला येणार होती, आणि रंगवलेले पुन्हा रंगवायचे म्हणजे डबे संपले होते. उरला होता थोडा निळा आणि अर्धा डबा पांढरा. अखेर ते म्हणाले, “समुद्राला हात लावू नका. खाली काय करायचे ते करा.” मग आम्ही दारापासून सुरुवात करून, मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर, वाळूवरूनच एक निळी रेघ तीन भिंतींवर फिरविली आणि ती समुद्राला नेऊन मिळविली. दाराशी त्यांचा नाला, मग बुराई, मग तापी. वाटेत प्रकाशे, उकाई, सुरत. नावे मुलांनी सांगितली तशी घातली. डुमसच्या पुढ्यात पिवळ्या वाळूवर डांबराचा काळा हात मारला तेव्हा तो चौथीतला मुलगा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही, नुसता इतरांकडे पाहत होता. ढगाचे मात्र राहून गेले. पर्जन्यछायेला जागाही नव्हती आणि रंगही नव्हता. फळ्यावरचा सूर्य पुसा म्हणून सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, तो अजून तेथे हसत असेल.

रेघेखालची दोन-अडीच फूट भिंत आम्ही पांढरी केली आणि खडूसाठी मोकळी सोडली. समारोपाची भाषणे चालू असताना मी वर्गात डोकावले तर तेथे टँकर आलेला होता. खडूने काढलेला, चार चाकांचा, मागे तोटी आणि तोटीखाली हंड्यांची रांग. काढणाऱ्याने टँकरचा पाइप वर नेऊन आमच्या निळ्या रेघेत सोडला होता.

यंदाच्या शिबिराचे गाव अजून ठरायचे आहे, पण श्रमदानात शाळा रंगविण्याचे काम असणारच असे कळते. कार्यक्रम अधिकारी सरांना आणि शिबिराला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना माझी विनंती आहे की, रंगाचे डबे घेण्याआधी एक दिवस त्या वर्गात नुसते बसावे आणि मुले काय विचारतात ते ऐकावे. खालचे तीन फूट मुलांना द्यावेत, फळ्याची भिंत सोडून द्यावी. आणि रंगावरची थोडी वर्गणी वाचलीच, तर तिच्यातून मुलांची तिकिटे काढावीत. शिंदखेड्याहून, दोंडाईच्याहून, अमळनेरहून सुरतेची लोहमार्गाची वाट आहे. आपल्या शाळांच्या सहली शिर्डी, अजिंठा करून परत येतात. त्या गाडीत बसून कोणी मुलांना डुमसला नेले असेल तर मला भेटावे. उतरून घ्यायला स्टेशनवर कोणाचा ना कोणाचा मामा येईलच.